ताकही गरम असेल तर?

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आपण वर्गात कितीदा तरी समजावून सांगितली असेल. सांगताना आपण त्या फुंकणाऱ्याला थोडे हसतोही. पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना या म्हणीचे कौतुक वाटते ते वेगळ्या कारणाने. भीती कशी शिकली जाते आणि शिकलेली भीती कशी पसरते, याचे नेमके वर्णन तिच्यात आहे. दूध पांढरे, ताकही पांढरे. दोन्ही पेल्यातच येतात. एकदा चटका बसला की मेंदू ‘पेल्यातले पांढरे’ या खुणेलाच धोका जोडून टाकतो. ‘हे दूध आहे की ताक’ हा बारीक भेद करायला तो थांबत नाही.

थांबत नाही, यातच त्याचे शहाणपण आहे. झुडपात खसखस झाली आणि आपण उगाच पळालो, तर नुकसान थोड्याशा दमछाकीचे. पण खरोखर बिबट्या असताना आपण विचार करत उभे राहिलो, तर पुन्हा विचार करायला उरणार नाही. या हिशेबामुळे उत्क्रांतीच्या ओघात प्राण्यांच्या मेंदूतील धोक्याची घंटा जरा हलकीच ठेवली गेली आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याच्या खुणा ओळखणे आणि शरीराला सज्ज करणे यात त्याचा मोठा वाटा असतो. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग मग सावकाश परिस्थिती तपासतो आणि ‘काही नाही, वारा होता’ असे सांगून घंटा बंद करतो.

काही वेळा ही घंटा बंदच होत नाही. भूकंप, दंगल, अपघात, बलात्कार, युद्ध अशा जिवावरच्या प्रसंगातून गेलेल्या काही जणांना तो प्रसंग संपल्यावरही संपत नाही. तो स्वप्नात येतो, जागेपणीही अचानक डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि आठवण म्हणून नव्हे, तर आत्ता घडतो आहे असा. मग माणूस त्याची आठवण देणाऱ्या जागा, माणसे, वास टाळू लागतो. स्वतःविषयी आणि जगाविषयी त्याचे मत काळवंडते. झोप उडते, जरा आवाज झाला की तो दचकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा भूकंपातून वाचलेली माणसे छपराखाली झोपायला घाबरतात, हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगायला नको. पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविकच असते आणि बहुतेकांचे ते हळूहळू ओसरते. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडू लागले, तर तिला आघातोत्तर ताणविकृती म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीत तिला १९८० साली स्थान दिले.

या विकृतीवर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. त्यांचे मूळ पावलोव्हच्या कुत्र्यांपर्यंत जाते. घंटा आणि अन्न यांची जोडी लावली की नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा प्रयोग आपण शिकवतोच. त्याचा उत्तरार्ध मात्र शिकवायचा राहून जातो. त्यानंतर घंटा पुन्हा पुन्हा वाजवली आणि अन्न दिलेच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. याला विलोपन म्हणतात. पण काही काळ जाऊ देऊन पुन्हा घंटा वाजवली, तर लाळ परत सुटते! म्हणजे जुने शिकणे पुसले गेलेले नसते; त्याच्या शेजारी ‘आता घंटेनंतर काही येत नाही’ असे नवे शिकणे उभे राहिलेले असते. दोन्ही धडे मेंदूत एकाच वेळी असतात, आणि कोणता वर येईल हे परिस्थितीवर ठरते.

एडना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विकसित केलेला दीर्घ सामना-उपचार याच तत्त्वावर उभा आहे. रुग्ण सुरक्षित खोलीत बसून घडलेला प्रसंग तपशीलवार, वारंवार सांगतो. आणि खोलीबाहेर, तो टाळत आलेल्या पण वस्तुतः निर्धोक असलेल्या गोष्टींना पायरी पायरीने सामोरा जातो. प्रसंगातून निघालेले ‘चूक माझीच होती’ यांसारखे निष्कर्ष तपासणारी दुसरी एक पद्धत आहे. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी तिसरीही आहे. आघातावर थेट काम करणारे बोधात्मक वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींची ही पद्धत, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली केली.

आता या उपचारातला एक शब्द पुन्हा पाहू: ‘वस्तुतः निर्धोक’. सारा डोलारा या शब्दावर उभा आहे. समजा, ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकलगाड्यांमधील स्फोटांतून वाचलेली एखादी व्यक्ती आहे. तिच्यासाठी मानसोपचारक अशी शिडी बनवील: आधी स्टेशनच्या पुलावर दहा मिनिटे उभे राहायचे, मग फलाटावर बसायचे, मग दुपारच्या रिकाम्या गाडीतून एक स्टेशन जायचे, आणि शेवटी संध्याकाळच्या गर्दीत. प्रत्येक पायरीवर मेंदूला नवा धडा मिळतो: गर्दी म्हणजे मरण नव्हे. मार्च २०२० मध्ये या शिडीचे काय झाले? लोकल तर बंदच झाल्या. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे रेडिओ, दूरदर्शन, शेजारी, सरकार असे सगळेच एका सुरात सांगू लागले की गर्दी म्हणजे मरण असू शकते. ताक खरोखरच गरम झाले होते.

हा प्रश्न वरवरचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ला महासाथ म्हटले, आणि २५ मार्चपासून आपला देश टाळेबंदीत गेला. आठवड्यातून एकदा येणाऱ्या रुग्णांचे काय करायचे, याचे उत्तर मानसोपचारकांना अक्षरशः काही दिवसांत शोधावे लागले. आघाताच्या आठवणींवर काम करणे थांबवावे, सध्या फक्त धीर द्यावा आणि साथ सरली की पुन्हा सुरू करावे, असा एक सावध विचार होता. तो वरकरणी शहाणपणाचा वाटतो. पण साथ कधी सरेल हे कोणालाच ठाऊक नव्हते (आणीबाणी संपल्याचे आरोग्य संघटनेने जाहीर केले ते थेट ५ मे २०२३ रोजी), आणि उपचाराविना राहणे हेही जोखमीचेच असते. शस्त्रक्रिया अर्धवट उघडी टाकून शल्यचिकित्सक निघून जात नाही.

त्यातून जो व्यवहारी मार्ग निघाला तो आम्हांला शास्त्रीय दृष्टीने फार मोलाचा वाटतो. रुग्णाला ‘घाबरू नका’ असे सांगायचे नाही, कारण ते खोटे ठरेल. त्याऐवजी भीतीचे दोन वाटे करायचे. आरोग्य खात्याने जेवढी काळजी घ्यायला सांगितली आहे तेवढी घेणे, हा खऱ्या धोक्याचा वाटा. त्याहून जास्तीचे जे काही असेल, म्हणजे तीसदा हात धुणे, खिडकीही न उघडणे, दारावरची थाप ऐकून थरथरणे, तो जुन्या चटक्याचा वाटा. काम करायचे ते या दुसऱ्या वाट्यावर. आणि आठवणीला सामोरे जाण्यासाठी तर घराबाहेर पडण्याची गरजच नसते. शिडीच्या बाहेरच्या पायऱ्या थांबल्या, तरी आतल्या चढता येतात.

या काळात ‘साऱ्या जगालाच आघात झाला आहे’ असे लिहिण्याची एक पद्धत पडली होती. ती आम्हांला पटत नाही. काळजी, कंटाळा, नोकरीची धास्ती हे सगळे खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकृती आणि नैराश्य यांचे जगभरातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. पण निदानसूचीतला आघात म्हणजे मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांच्याशी प्रत्यक्ष गाठ पडणे, तो प्रकार डोळ्यांसमोर घडताना पाहणे, जवळच्या माणसावर अचानक किंवा हिंसेने असे ओढवल्याचे कळणे, किंवा कामाचा भाग म्हणून असे प्रसंग पुन्हा पुन्हा हाताळावे लागणे. घरात बसून बातम्या पाहणे त्यात येत नाही. शब्द सैल वापरला की ज्यांना खरोखर उपचार हवेत ती माणसे गर्दीत हरवतात.

ती माणसे कोण, याचा अंदाज आधीच्या एका साथीवरून होता. २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये सार्स या आजारातून वाचलेल्या ९० जणांचा पुढे अभ्यास झाला. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना पुढच्या काळात कधी ना कधी आघातोत्तर ताणविकृती झाली होती, आणि सुमारे एक-चतुर्थांश जणांना ती ३० महिन्यांनंतरही होती. अतिदक्षता विभागातून बाहेर पडणाऱ्या रुग्णांची अवस्था कोणत्याही आजारात बिकट असते. गुंगीची औषधे, ताप आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे त्यांना भ्रम होतात. नळ्या काढू नयेत म्हणून बांधलेले हात त्यांना कैदेसारखे वाटतात. कोविडमध्ये यात भर पडली ती आजूबाजूला वावरणाऱ्या, चेहरा नसलेल्या पांढऱ्या पोशाखांची आणि भेटायला न येऊ शकणाऱ्या नातेवाइकांची. अशा रुग्णाच्या मनात घडलेले आणि भासलेले यांचा काला होतो. म्हणून काही युरोपीय रुग्णालयांत परिचारिका रुग्णासाठी रोजनिशी लिहितात: आज ताप उतरला, आज मुलीचा फोन आला होता. बरे झाल्यावर ती त्याला वाचायला देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या रोजनिशीचा चांगला उपयोग दिसला. २०१९ साली फ्रान्समधील ३५ अतिदक्षता विभागांत झालेल्या चाचणीत मात्र तो दिसला नाही. कल्पना इतकी सुंदर आहे की ती खरी ठरावी असे वाटते. पण वाटण्यावर चालत नाही.

आता दुसऱ्या गटाकडे वळू. तो अधिक अवघड आहे आणि त्याच्याविषयी गैरसमजही अधिक.

‘व्यक्तिमत्त्व विकृती’ हे नावच मुळी दुष्ट आहे. ताप येतो, हाड मोडते, पण व्यक्तिमत्त्व म्हणजे तर आपण स्वतःच. तेच विकृत म्हटल्यावर उरले काय? शास्त्रात या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. स्वतःकडे पाहण्याची आणि इतरांशी नाते ठेवण्याची एखाद्याची रीतच अशी बनलेली असते की ती दीर्घकाळ, जवळजवळ प्रत्येक नात्यात, त्याला आणि इतरांना त्रास देते. आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात याचे जुने कप्पे बहुतांशी मोडून तीव्रतेनुसार सौम्य, मध्यम, गंभीर अशी मांडणी केली आहे. एक नमुना मात्र वेगळा नोंदता येतो, तो सीमारेषीय. १९३८ मध्ये अॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला, कारण हे रुग्ण तेव्हाच्या दोन मोठ्या कप्प्यांच्या सीमेवर बसत. कप्पे गेले, सीमारेषा राहिली.

सीमारेषीय विकृतीत भावना झटकन भडकतात, फार उंच जातात आणि सावकाश उतरतात. जवळचे माणूस आपल्याला सोडून जाईल या भीतीने जीव कासावीस होतो. आज देव वाटणारा माणूस उद्या राक्षस वाटतो. आत पोकळी जाणवते. असह्य झाले की स्वतःला इजा करण्याकडे, आत्महत्येच्या प्रयत्नाकडे कल जातो. यांतल्या अनेकांच्या बालपणी छळ किंवा हेळसांड झालेली असते, सर्वांच्या नव्हे. (शिक्षकांना एक विनंती: हे वर्णन वाचून नववीतली दोन-चार मुले डोळ्यांपुढे आली असतील. तो बहुधा त्या वयाचा गुण आहे. निदान तज्ज्ञांवर सोडावे.)

हे रुग्ण ‘नाटकी’ आणि ‘असाध्य’ असल्याचे डॉक्टरही मानत. ते मत बदलण्यात अमेरिकेतील सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लाइनहान यांचा वाटा मोठा आहे. सर्वांगाला भाजून कातडी गेलेल्या माणसाशी त्यांनी या रुग्णांची तुलना केली आहे. नुसत्या स्पर्शानेही आग व्हावी, तशी यांच्या भावनांची गत. लाइनहान यांच्या मते काही मुले जन्मतःच भावनांच्या बाबतीत हळवी असतात. अशा मुलाला सतत ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस?’, ‘तुला काही झालेले नाही’ असे ऐकावे लागले, तर आपल्याला जे वाटते ते खरे की खोटे हेच त्याला कळेनासे होते. भावना ओळखणे आणि हाताळणे हे कौशल्य त्याला कधी शिकवलेच जात नाही. मग उपचार काय? ते कौशल्य शिकवायचे, अगदी गणिताच्या तासासारखे, गृहपाठ देऊन. १९९१ साली त्यांच्या पद्धतीची पहिली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. २०११ मध्ये लाइनहान यांनी जाहीरपणे सांगितले की सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या.

या पद्धतीच्या नावात ‘डायलेक्टिकल’ असा शब्द आहे. मराठीत तत्त्वज्ञानाची पुस्तके त्याला विरोधविकास म्हणतात. ‘तू आहेस तसा मला मान्य आहेस’ आणि ‘तुला बदलावे लागेल’ ही दोन परस्परविरोधी वाक्ये एकाच वेळी खरी मानून चालायचे, असा त्याचा साधा अर्थ. रुग्ण चार विषय शिकतो: सजगता, त्रास सोसणे, भावनांचे नियमन आणि माणसांशी वागणे. दर आठवड्याला एक भेट वैयक्तिक आणि एक वर्ग गटाचा असतो. आणीबाणीच्या क्षणी मानसोपचारकाला फोन करून ‘आता शिकलेल्यातले काय वापरू?’ असे विचारण्याची सोय असते. आणि उपचार करणाऱ्यांचाही एक गट असतो, कारण हे काम एकट्याने करता करता माणूस खचतो.

‘त्रास सोसणे’ या भागातले एक तंत्र शिक्षकांना खास आवडेल. भावनांचा भडका उडाला की रुग्णाने श्वास रोखून चेहरा थोडा वेळ गार पाण्यात बुडवायचा. हा जादूटोणा नाही. चेहऱ्याची, विशेषतः डोळे-कपाळ-नाकाभोवतीची संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी चेता असते. तिथे गारवा आणि त्याच वेळी श्वास थांबलेला, असा संदेश मेंदूच्या बुंध्याशी पोहोचला की व्हेगस नावाच्या चेतेमार्फत हृदयाला ‘सावकाश’ असा हुकूम जातो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हृदय-मेंदूसाठी राखले जाते. सीलसारख्या पाण्यात बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांत ही प्रतिक्षिप्त क्रिया फार प्रबळ असते. आपल्यात ती क्षीण रूपात उरली आहे. धडधडणाऱ्या हृदयाला विचारांनी समजावणे कठीण. इथे मात्र विचारांना वळसा घालून, मागच्या दाराने हृदयाची गती कमी करता येते. गती उतरली की कपाळामागच्या मेंदूला बोलायला वाव मिळतो.

हे आपण पडताळून पाहू शकतो. घमेल्यात गार पाणी घ्या. बसून पंधरा सेकंद नाडी मोजा. मग श्वास रोखून चेहरा पाण्यात घाला आणि सहकाऱ्याला मनगटावर पुन्हा पंधरा सेकंद ठोके मोजू द्या. मोठ्या माणसांत हृदयाची गती साधारण दहा ते पंचवीस टक्के उतरते. पण एवढ्यावर निष्कर्ष काढला तर तो कच्चा राहील. ही करामत गारव्याची की नुसत्या श्वास रोखण्याची? म्हणून एकदा पाण्याविना श्वास रोखून मोजा, आणि एकदा कोमट पाण्यात. आणखी एक गोष्ट: पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला, तर मिनिटाच्या हिशेबात चार ठोक्यांची चूक होते. तेव्हा प्रत्येक मोजणी तीनदा करून सरासरी काढा. हृदयविकार, दमा किंवा चक्कर येण्याची सवय असणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये. विद्यार्थ्यांवर करण्याआधी शिक्षकांनी स्वतःवर करावा आणि कोणालाही भाग पाडू नये.

टाळेबंदीत या पद्धतीचा एक फायदा झाला. तिच्यात फोन पहिल्यापासूनच होता. गार पाणी तर घरोघर होते. अडचण झाली ती गटाच्या वर्गाची. पडद्यावर आठ चौकटींत आठ चेहरे, त्यातले दोन गोठलेले. ज्याला सोडून जाण्याची भीती आहे, त्याच्यासमोर ऐन बोलण्याच्या भरात उपचारकाचा चेहरा नाहीसा होतो, तेव्हा ‘नेटवर्क गेले’ हे कारण पटायला वेळ लागतो. मुखपट्टीचेही तसेच. या रुग्णांना निर्विकार चेहऱ्यातही राग किंवा नापसंती दिसण्याची प्रवृत्ती असते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. दवाखान्यात समोर बसलेल्या डॉक्टरचा अर्धा चेहरा झाकलेला असला, तर ती रिकामी जागा रुग्णाची भीती भरून काढते. एका परीने पडदाच बरा, कारण तिथे मुखपट्टी नसते.

पडद्यावरचा उपचार प्रत्यक्ष भेटीइतका गुणकारी असतो का? सुदैवाने याचे उत्तर महासाथीच्या आधीच शोधायला सुरुवात झाली होती. दूरदूर पसरलेल्या माजी सैनिकांपर्यंत पोहोचण्यासाठी अमेरिकेत तशा चाचण्या झाल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १३२ माजी सैनिकांना दीर्घ सामना-उपचार दिला, काहींना दवाखान्यात, काहींना घरी पडद्यावरून. या चाचणीची रचना समजून घेण्याजोगी आहे. नेहमीच्या चाचणीत ‘नवे जुन्यापेक्षा चांगले का?’ असे विचारतात. इथे प्रश्न होता, ‘नवे जुन्यापेक्षा फारसे वाईट तर नाही ना?’ समजा, एक स्वस्त पाठ्यपुस्तक आले. ते वापरून मुलांचे सरासरी गुण पाचाहून जास्त घसरले नाहीत तर ते चालेल, असे आपण आधीच ठरवतो. मग परीक्षा घेतो. मर्यादा आधी ठरवणे महत्त्वाचे. निकाल पाहून ठरवली तर ती फसवणूक. पडद्यावरचा उपचार आघातोत्तर लक्षणांच्या बाबतीत या कसोटीला उतरला.

पण अशा चाचण्यांतल्या व्यक्ती निवडलेल्या असतात, आणि बोलायला त्यांना एकांत मिळतो. आपल्याकडे एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरात एकांत म्हणजे काय? आघात करणारा माणूसच त्या खोलीत असेल तर? टाळेबंदीत घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअॅपचा क्रमांक सुरू करावा लागला, कारण पुष्कळ स्त्रियांना फोनवर बोलण्याचीही सोय नव्हती. त्यामुळे दूरोपचारात काही साधे पण आवश्यक नियम आले. संभाषणाच्या सुरुवातीलाच विचारायचे: तुम्ही आत्ता नेमक्या कुठे आहात, जवळ कोण आहे, फोन तुटला तर कोणाला कळवू? कोणी खोलीत आले तर विषय बदलण्यासाठी एक खुणेचा शब्द ठरवायचा. गरज पडल्यास फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे. आठवणीत बुडून रुग्णाचे भान हरपू लागले, तर समोरासमोर ते पाय, हात, श्वास यांवरून कळते. पडद्यावर फक्त खांद्यापर्यंत दिसते. म्हणून पाय जमिनीला टेकलेले ठेवायला आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावे घ्यायला आधीच शिकवून ठेवायचे.

आपल्या देशात या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. मनोविकारतज्ज्ञांची संख्या लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी होती. म्हणजे बहुसंख्यांच्या बाबतीत महासाथीने उपचार ‘खंडित’ झाले असे म्हणता येत नाही. ते सुरूच नव्हते. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि फोनवरून सल्ला देण्याला स्पष्ट नियम मिळाले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनसेवा २०१२ पासून होतीच. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेली-मानस ही सेवा सुरू केली.

या तुटवड्यात दिलासा देणारी गोष्ट अशी की सगळ्यांना महागडी, विशेष पद्धत लागतेच असे नाही. कॅनडात टोरांटो येथे सीमारेषीय विकृतीच्या १८० रुग्णांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाइनहान यांची पद्धत आणि नीट आखलेला सर्वसाधारण मनोविकारोपचार यांची तुलना केली. दोन्ही गट सारखेच सुधारले. आणि ‘असाध्य’ या शिक्क्याचे काय? अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयातील २९० रुग्णांवर मेरी झनारिनी यांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. दहा वर्षांत त्यांच्यापैकी ९३ टक्के रुग्णांची लक्षणे निदान दोन वर्षे तरी निदानाच्या मर्यादेखाली राहिली. महासाथीच्याच वर्षी, २०२० मध्ये, जर्मनीतील मार्टिन बोहुस आणि सहकाऱ्यांनी बालपणी अत्याचार सोसलेल्या १९३ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांच्यात आघातोत्तर ताणविकृती आणि सीमारेषीय लक्षणे, दोन्ही होती. अशा रुग्णांना आठवणींचे काम झेपणार नाही, आधी बराच काळ स्थिर करावे, असे मानले जात असे. चाचणीत आघातावर थेट काम करणाऱ्या दोन्ही पद्धतींनी त्या सुधारल्या. कौशल्ये शिकवणारी पद्धत थोडी सरस ठरली. २०२० च्या मार्चमध्ये ‘सध्या थांबू या’ म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवे होते, पण लेख तेव्हा आलेला नव्हता.

आत्महत्यांचे आकडे काय सांगतात? २१ देशांतील नोंदी एकत्र करून पाहिले तेव्हा महासाथीच्या पहिल्या काही महिन्यांत अपेक्षेहून वाढ दिसली नाही. भारतात मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे २०१९ मधील १,३९,१२३ वरून २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३ झाले. यांतला किती भाग साथीचा, किती रोजगार गेल्याचा, किती नोंदणीतल्या फरकाचा, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

शाळेचा यात संबंध कुठे येतो? साथ, पूर, अपघात, काहीही घडून गेल्यावर मुले वर्गात परत येतात, तेव्हा आपला हात हटकून ‘माझा अनुभव’ अशा निबंधाकडे जातो. तो सक्तीचा करू नये. आघातानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून अनुभव सांगायला लावणे ही पद्धत पूर्वी उपकारक मानत. नियंत्रित चाचण्यांत एका बैठकीच्या अशा सांगण्याने विकृती टळत नसल्याचे दिसले, आणि क्वचित अपायही आढळला. सक्षम उपचारकाबरोबर टप्प्याटप्प्याने सांगणे वेगळे, आणि चाळीस मुलांदेखत पाच गुणांसाठी सांगणे वेगळे. ‘माझी सायकल’ हा पर्याय शेजारी ठेवला की झाले. वेळापत्रक ठरल्याप्रमाणे चालू राहणे, बदल असेल तर आदल्या दिवशी सांगणे, मागून येऊन खांद्यावर हात न ठेवणे, यांनी हलक्या झालेल्या घंटेला आराम मिळतो. आणि ‘एवढ्यात काय रडायचे’ऐवजी ‘तुला फार वाईट वाटते आहे असे दिसते’, इतके म्हटले तरी पुरते. यात लाड नाहीत; समोर दिसणारी गोष्ट फक्त मान्य करायची आहे.

एखादे मूल महिनाभरानंतरही झोपत नसेल, खेळत नसेल, किंवा मरणाची भाषा करत असेल, तर त्याला एकांतात, सरळ शब्दांत विचारावे: ‘जीव द्यावा असे तुझ्या मनात येते का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, ही समजूत चुकीची असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नये आणि घरच्या मोठ्यांना त्याच दिवशी बोलावून घ्यावे. त्रासाचे मूळ घरातच असल्याची शंका असेल तर मात्र आधी मुलांसाठीच्या मदतसेवेला, १०९८ वर, फोन करावा. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.